तेलाचा डाग

निर्लेखनाच्या यादीत एकशे बारावा क्रमांक:
फोटोमीटर, लाकडी, एक नग, बिनकामाचा.
उदगीरच्या जुन्या फौकानिया शाळेतून
फिरत फिरत आमच्या कॉलेजात आलेला.
सोबत पितळी दिवा, वातीची नळी आठ मिलिमीटर,
आणि उंदरांनी कडा खाल्लेलं एक रजिस्टर.

"म्याडम, हे भंगारात द्यायलाव का?"
मन्मथप्पांनी विचारलं.
थांबा म्हटलं, आधी वाचू द्या.

वाचता कुठलं येतंय. सगळं उर्दू.
मग बी.एस्सी.च्या तबस्सुमला शेजारी बसवलं.
ती वाचत गेली,
मी कच्च्या कागदावर आकडे मांडत गेले.

लिहिणारे मौलासाब अत्तार, प्रयोगशाळेचे दफ्तरी.
इंग्रजी मेणबत्ती देवमाशाच्या चरबीची,
ती उदगिरात कोण आणणार?
फ्रेंच कार्सेलला लागतं कसल्याशा मोहरीच्या जातीचं तेल,
तासाला बेचाळीस ग्रॅम.
त्यांनी करडीचं घातलं
आणि समासात लिहिलं: चूक माझी, तेल गावचं.
जर्मन हेफ्नरची ज्योत बरोबर चाळीस मिलिमीटर,
केसभर वर नको, खाली नको.
जळतं ते अमिल ॲसिटेट, वास पिकल्या केळ्याचा.
सहा पिढ्या अत्तर विकलेल्या घरातला माणूस लिहितो:
अर्धापूरच्या केळ्याचा नव्हे.
केळं कधी न खाल्लेल्याने
ऐकून सांगितलेल्या केळ्याचा.

मग कोष्टकं.
एक कार्सेल म्हणजे हेफ्नर पावणेअकरा.
दहा हेफ्नर म्हणजे नऊ आंतरराष्ट्रीय मेणबत्त्या.
आणि लगेच शेजारी, त्याच बारीक अक्षरात,
सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार,
कारण पगार हालीत
आणि बत्तीची जाळी सोलापुरात, कलदारात.
फसलीत पाचशे नव्वद मिळवा, इसवी येतं.
या मुलखात माणूस सकाळी उठला की
कशातून तरी कशात
हिशेब करत निघायचा.

यंत्र म्हणाल तर साधं.
कागदावर तेलाचा एक थेंब.
एका अंगाला ठरलेला दिवा,
दुसऱ्या अंगाला गावातला कुठलाही.
पुढेमागे सरकवत राहायचं.
उजेड सारखा झाला की डाग जातो.
मग पट्टीवर अंतर बघायचं, वर्ग करायचा.

कोंडाबाई सुईणीचा कंदील: साडेपाच हेफ्नर.
काच पुसल्यावर सात.
मठातली समई, चार वाती: तीनच्या आतबाहेर,
दार उघडं होतं.
स्टेशनमास्तरचा हिरवा दिवा:
रंग जुळत नाही, सोडून दिला.

पुढचं पान आबान १३५७.
मी पाचशे नव्वद मिळवले नाहीत,
तबस्सुमनेच मिळवले. सप्टेंबर असणार, म्हणाली.
डावीकडचा दिवा: लावला नाही.
उजवीकडचा दिवा: लावला नाही.
निरीक्षण:
डाग दिसत नाही. दोन्ही बाजू सारख्या.

त्यानंतर पानं कोरी.
मी उगाच बोलत सुटले,
त्याच वर्षी तिकडे युरोपात
जुन्या साऱ्या मेणबत्त्या मोडीत काढून
कँडेला ठरला बरं का,
गोठणाऱ्या प्लॅटिनमच्या उजेडावरून.
"हो मॅडम," ती म्हणाली,
आणि रजिस्टर मिटलं नाही.

फॉर्मवर रकाना आहे: आजची किंमत, रुपयांत.
तो तसाच ठेवून
लातूरहून शंभर मिली अमिल ॲसिटेट मागवलं.
सोमवारी खिडक्यांना काळं कापड लावलं,
वात कापली, ज्योत चाळीसवर आणली.
समोर तबस्सुमचा मोबाईल.
तिने पुढे सरकवला, मागे सरकवला.
डाग जाईना. एका बाजूने पिवळा,
दुसऱ्या बाजूने निळसर, मधे थरथरता.
"रंग जुळत नाही मॅडम. सोडून देऊ?"
नको, म्हटलं. लिही. अंतर लिही, तारीख लिही.
"कोणती तारीख?" तिने विचारलं,
तेवढ्यात दारात मन्मथप्पा, नाक वर करून:
"केळी आणलाव का कुणी?"